विक्री वाढवायची कोणी आणि शिकवायचे कोणी?

(विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'विक्रीतील कामगिरी, नेतृत्व आणि प्रशिक्षण' असा विषय आयोजकांनी माझ्या नावापुढे छापला आहे. तो वाचून चहाच्या वेळी एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, "अहो, हा तर व्यवस्थापनाच्या परिषदेतला विषय. मोठ्या हॉटेलात पडद्यावर चित्रे दाखवून हे बोलतात. आपल्या वर्गात याचे काय काम?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो.

पूर्वी युनियनच्या कार्यालयात आपले सभासद कोणत्या तक्रारी घेऊन येत? बदली झाली, रजा नाकारली, प्रवासभत्त्याचे बिल कापले, बोनस थकला. आज जो सभासद येतो त्याच्या हातात बहुतेक वेळा एकाच मजकुराचे पत्र असते : 'आपली कामगिरी समाधानकारक नाही.' त्यात चोरीचा, शिवीगाळीचा किंवा गैरहजेरीचा आरोप नसतो. फक्त आकडा भरला नाही, एवढेच असते. पुष्कळदा पत्रही नसते. एरिया मॅनेजर फोन करतो आणि सांगतो, 'राजीनामा दे, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल.' चाळिशीतला माणूस, घराचे हप्ते चालू, मुले शाळेत, आणि तो सही करून मोकळा होतो. 'कामगिरी' हा शब्द आपल्या व्यवसायात नोकरी काढून घेण्याचे सर्वांत सोपे हत्यार झाला आहे. ज्या शब्दाने आपला सभासद घरी जातो, त्या शब्दाचा अर्थ आपल्याला मॅनेजरपेक्षा जास्त कळला पाहिजे. म्हणून हा विषय आपला आहे.

आता थोडा इतिहास. नव्या सभासदांना तो ठाऊक नसतो आणि जुन्यांना त्याचा कंटाळा येतो, पण तो सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे उभे राहणार नाही.

औषध कंपनीच्या प्रतिनिधीचे काम औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत बसते की नाही, हा वाद फार जुना आहे. १९६१ मध्ये मे अँड बेकर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतिनिधीचे मुख्य काम मालाचा खप वाढवणे हे आहे, लिखापढी त्यात नाममात्र आहे, त्यामुळे तो 'कामगार' नाही. कामगार नाही म्हटल्यावर बडतर्फीविरुद्ध दादही नाही. यावर चळवळ झाली. १९७२ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने या वर्गाला संरक्षण हवे असा निष्कर्ष काढला आणि १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) कायदा आला. तो ६ मार्च १९७६ पासून लागू झाला, पण त्यात वेतनमर्यादा होती : कमिशन नसेल तर महिना ७५० रुपये. ती अट १९८६ च्या दुरुस्तीने, म्हणजे प्रत्यक्षात मे १९८७ पासून, निघाली. पुढे १९९४ मध्ये सँडोझ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पुन्हा तेच म्हटले की औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येत प्रतिनिधी येत नाही, त्याला जे संरक्षण आहे ते १९७६ च्या कायद्यामुळे. २०११ मध्ये साबण-सौंदर्यप्रसाधने, बिस्किटे, शीतपेये, रंग, विजेची उपकरणे अशा आणखी काही उद्योगांतील विक्री कर्मचाऱ्यांनाही तो कायदा लावण्यात आला. आज या सभागृहात बसलेले निम्मे लोक त्यातले आहेत.

या निकालांतील एका मुद्द्याकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. व्याख्येत 'कुशल' आणि 'तांत्रिक' हे शब्द होते. आपल्या बाजूचे म्हणणे असे की डॉक्टरला औषधाची माहिती देणारा माणूस कुशल आहे. न्यायालयाने ते मान्य केले नाही. यंत्रावर काम करणाऱ्याचे कौशल्य कायद्याच्या डोळ्यांना दिसते, आणि दोन मिनिटांत एखाद्या अनुभवी डॉक्टरला नव्या औषधाचे गुण, मात्रा आणि धोके नेमके सांगणाऱ्याचे कौशल्य दिसत नाही! निकालाचा आदर ठेवूनच मी हे म्हणतो. कायद्याने जे कौशल्य मानले नाही ते व्यवस्थापनानेही कधी मनापासून मानले नाही. त्यांच्या हिशेबात विक्री म्हणजे जोर. जोर लावला की खप वाढतो, आणि नाही वाढला तर माणूस बदला.

१९७६ चा तो कायदा आता नाही. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि त्यांत हा कायदा रद्द झाला. औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा समावेश आहे, ही जमेची बाजू. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस त्या व्याख्येबाहेर आहे, ही काळजीची बाजू. आता तुमच्या कंपन्यांनी वाटलेली पदनामे आठवा. बिझनेस ऑफिसर, टेरिटरी मॅनेजर, बिझनेस मॅनेजर. हाताखाली एक माणूस नाही, खांद्यावर तीच बॅग, आणि कार्डावर मॅनेजर. कोण कामगार आहे हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष मुख्य काम काय आहे त्यावरून ठरते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून आपण रोज काय काम करतो याचा कागद आपल्याजवळ हवा. नियुक्तिपत्र, टूर प्रोग्रॅम, रोजचा कॉल रिपोर्ट यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. कंपनीच्या मोबाइल अॅपमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. नोकरी जाते त्या दिवशी संध्याकाळी अॅपचा पासवर्ड बंद होतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. आकडा कसा बनतो?

फळ्यावर एक उदाहरण मांडतो. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण प्रकार तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. समजा, एका गावात तुमच्या कंपनीचा एक स्टॉकिस्ट आहे. त्याच्याकडून दुकानदारांकडे दरमहा तीन लाखांचा माल जातो. तो नेहमी दोन लाखांचा माल शिल्लक ठेवतो. मार्च येतो. वर्षअखेर. वरून फोन येतात, 'क्लोजिंग आहे, काहीही कर.' प्रतिनिधी स्टॉकिस्टच्या हातापाया पडून पाच लाखांचे बिल फाडतो. कंपनीच्या कागदावर मार्चची विक्री पाच लाख. शाबासकी मिळते, ग्रुपवर टाळ्यांची चित्रे येतात. पण दुकानदारांकडे माल गेला तीनच लाखांचा. दोन अधिक पाच वजा तीन, स्टॉकिस्टकडे चार लाख पडून राहिले. एप्रिलमध्ये त्याला शिल्लक पुन्हा दोन लाखांवर आणायची आहे. तीन लाख खपणारच आहेत, म्हणजे तो नवीन माल घेतो फक्त एक लाखाचा. कंपनीच्या कागदावर एप्रिलची विक्री पाचावरून एकावर! बैठकीत त्याच माणसाला उभे करून विचारतात, 'झोपला होतास का?'

डॉक्टर तेच, पेशंट तेच, माणूस तोच. दोन्ही महिन्यांत खरा खप तीनच लाख. मार्चमध्ये त्याने पराक्रम केला नव्हता आणि एप्रिलमध्ये गुन्हा केलेला नाही. वर-खाली झाला तो फक्त गोदामातला माल, आणि तोही ज्यांनी फोन केले त्यांच्यामुळे. पुढे पडून राहिलेल्या मालाची मुदत संपते, एक्स्पायरीचा परतावा येतो आणि तोही याच माणसाच्या विक्रीतून वजा होतो. 'असमाधानकारक कामगिरी'ची पत्रे घेऊन येणाऱ्या सभासदाला माझा पहिला प्रश्न असतो : बारा महिन्यांची स्टॉकिस्टची शिल्लक आणि दुकानदारांकडे गेलेला माल, दोन्ही दाखव. कंपनीने बिल केलेला आकडा मी त्यानंतर बघतो. किती तरी प्रकरणे या एका तक्त्यावर उलटतात.

आपलेच म्हणणे आहे म्हणून नव्हे, व्यवस्थापनशास्त्राच्या एका मोठ्या माणसाचाही दाखला देतो. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. १९५० मध्ये त्यांनी जपानच्या उद्योगपतींना आणि इंजिनियरांना गुणवत्तेवर व्याख्याने दिली आणि जपानने ती मनावर घेतली. त्यांच्या नावाचे पारितोषिक तिथे दिले जाते. १९८६ च्या 'आऊट ऑफ द क्रायसिस' या पुस्तकात त्यांनी व्यवस्थापनासाठी चौदा मुद्दे मांडले. त्यांत कामावर प्रशिक्षण द्या हा एक आहे, नेतृत्व द्या हा एक आहे, कामाच्या जागेवरून भीती घालवा हा एक आहे, आणि संख्यांचे कोटे बंद करा हाही एक आहे. आपल्या कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागातले लोक डेमिंगचे नाव घेतात. या चार मुद्द्यांपाशी आले की मात्र त्यांचे पान उलटते.

डेमिंग आपल्या शिबिरात एक खेळ करीत. भांड्यात पांढरे आणि लाल मणी, साधारण दर पाच मण्यांत एक लाल. श्रोत्यांतून सहा जणांना कामगार म्हणून बोलवायचे. पन्नास खड्ड्यांची एक फळी भांड्यात बुडवून काढायची. पांढरे मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. 'लाल अजिबात येता कामा नये,' अशी ताकीद. डेमिंग स्वतः फोरमन. ज्याच्या फळीत लाल कमी आले त्याची स्तुती, जास्त आले त्याला दम, शेवटी काही जणांना कामावरून कमी. पाहणाऱ्यांना हसू येई, कारण लाल किती येणार हे भांड्यातल्या मिश्रणावर ठरत होते, हात कोणाचा आहे त्यावर नाही. आपल्या मासिक बैठकीत पहिला क्रमांक ते शेवटचा क्रमांक अशी जी यादी वाचली जाते, ती ऐकताना हे भांडे आठवत जा. सगळीच यादी मण्यांची असते असे मी म्हणत नाही. काही माणसे खरोखर उत्तम काम करतात, काही खरोखर टाळतात. पण फरक माणसाचा किती आणि प्रदेशाचा, पुरवठ्याचा, डॉक्टरांच्या संख्येचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय शेवटच्या दोघांना काढणे हा त्या फोरमनचाच कारभार झाला.

मग विक्री खरोखर वाढते कशाने? मी अनुभवाने सांगतो. बॅग उचलली तेव्हा माझे मुख्यालय इंदूर होते. देवास, उज्जैन जाऊन-येऊन करायचे, खंडवा-बऱ्हाणपूरला मुक्काम. कंपनीचे नाव घेत नाही. माझे पहिले एरिया मॅनेजर फार कमी बोलत. डॉक्टरांच्या केबिनमध्ये ते माझ्या मागे उभे राहत आणि मी अडखळलो तरी तोंड उघडत नसत. बाहेर आल्यावर स्कूटर स्टँडपाशी एकच गोष्ट सांगत. एकच. 'डॉक्टरांनी किडनीच्या पेशंटबद्दल विचारले, तू चित्राच्या पानाकडे बघितलेस. उत्तर येत नव्हते. नाही येत म्हणून सांगायचे आणि संध्याकाळी शोधून उद्या कळवायचे.' संध्याकाळी दवाबाजारात एखाद्या दुकानाच्या फळीवर बसून ते मला ते उत्तर पुस्तकातून काढायला लावीत. पुढच्या कॉलला त्याच डॉक्टरांकडे मला एकट्याला पाठवीत. सहा महिन्यांनी त्या डॉक्टरांचे आमच्या औषधाचे प्रिस्क्रिप्शन सुरू झाले. त्या सहा महिन्यांत मॅनेजरसाहेबांनी 'किती झाले?' हा प्रश्न मला एकदाही विचारला नव्हता. त्यांना तो दुकानदाराकडून कळत होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना लाखो नवखे कामगार झटपट तयार करायचे होते. त्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना निघाली. तिची शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची होती. शिकणाऱ्याची मनाची तयारी करायची, काम करून दाखवायचे, त्याच्याकडून करून घ्यायचे, आणि मग अधूनमधून येऊन पाहायचे. शिकणाऱ्याला आले नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही असे समजायचे, हे त्या योजनेचे सूत्र होते. माझ्या मॅनेजरांनी हे कोठे वाचले होते असे मला वाटत नाही. ते जे करीत होते ते मात्र हेच होते.

आज नव्या मुलाला काय मिळते? काही कंपन्या अजून चांगले शिकवतात, त्यांना नावे ठेवायची नाहीत. बाकी ठिकाणी चार-पाच दिवस ऑनलाइन वर्ग, मोबाइलवर इंग्रजीतील चित्रपट्ट्या, शेवटी पर्याय निवडायची परीक्षा, आणि सोमवारी बॅग. नांदेडचा मुलगा, विज्ञानाचा पदवीधर, हुशार. इंग्रजीतून शरीरशास्त्र चार दिवसांत पाठ करतो आणि विसरतो. तो डॉक्टरसमोर उभा राहतो. रक्तदाबाचे अॅम्लोडिपिन घ्या. डॉक्टर विचारतात, पायाला सूज येते का? त्याला शिकवलेले असते की 'नाही' हा शब्द विक्री वाढवतो. तो म्हणतो, 'सर, आमच्या ब्रँडमध्ये काही त्रास नाही.' डॉक्टर हसतात आणि पुढचे सहा महिने त्याला केबिनबाहेर बसवतात. पायाला सूज हा त्या औषधाचा सर्वपरिचित दुष्परिणाम आहे, मात्रा वाढली तर जास्त दिसतो, हे डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून माहीत असते. मुलाने तेवढेच प्रामाणिकपणे सांगितले असते तर त्याचा शब्द पुढे चालला असता. येथे विक्री बुडाली ती अज्ञानाने, आणि ते अज्ञान पुरवले कंपनीने. उद्या त्याला पत्र मिळेल की कामगिरी असमाधानकारक. ज्या डॉक्टरला औषध नवे आहे, तो या मुलाच्या 'नाही'वर विश्वास ठेवेल, आणि त्याची किंमत पेशंट मोजेल. हेही लक्षात ठेवा.

प्रशिक्षणावरचा खर्च कंपन्या का टाळतात, याचे खरे उत्तर थोडे कडू आहे. काही कंपन्यांना ज्ञानाची गरजच उरली नव्हती. टीव्ही, परदेशवारी, परिषदेची तिकिटे देऊन प्रिस्क्रिप्शन मिळत असेल तर औषधाची माहिती सांगणारा माणूस कशाला? पाकीट पोचवणारा पुरतो. वाटपाची विक्री जितकी वाढली तितकी आपल्या कामाची किंमत घटली, पगारवाढीच्या बोलणीत आपला हात हलका झाला. म्हणून भेटवस्तूंचा प्रश्न हा आपल्या वेतनाचा प्रश्न आहे, असे मी गेली अनेक वर्षे सांगत आलो. डॉक्टरांनी भेटी घेऊ नयेत असा नियम मेडिकल कौन्सिलने २००९ मध्ये केला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात असा खर्च आयकरात वजा मिळणार नाही असे सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने औषध विपणनाची नवी एकसमान आचारसंहिता जाहीर केली. तिच्यात भेटी आणि सहली तर बंद आहेतच, शिवाय डॉक्टरची भेट मिळवण्यासाठी प्रतिनिधीने कोणत्याही स्वरूपात पैसे देऊ नयेत असेही आहे. आणि प्रतिनिधीच्या वागण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे.

हे शेवटचे वाक्य जपून वाचा. जबाबदारी कंपनीची, पण नोकरीच्या करारात आचारसंहितेचे कलम घालायला सांगितले आहे. त्याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. उद्या मॅनेजर तोंडी सांगेल, 'अमुक डॉक्टरचे काम करून दे,' आणि प्रकरण अंगाशी आले की कंपनी तुमची सही दाखवेल. अशी सूचना आली तर 'आपल्या आदेशानुसार' असे एका ओळीचे उत्तर लेखी पाठवा आणि आदेश आचारसंहितेत बसतो का ते विचारा. बहुतेक वेळा आदेश मागे घेतला जातो.

भेटींची वाट अरुंद होत असेल तर पुन्हा ज्ञानाला भाव येईल. ही संधी आहे, आणि ती आपण घेतली नाही तर मोबाइल अॅप घेईल. कंपन्यांनी पैसे कोठे घातले पाहा. माणूस कोठे उभा आहे हे दाखवणाऱ्या यंत्रणेत. दवाखान्याच्या शंभर मीटरच्या आत गेल्याशिवाय कॉल नोंदवला जात नाही. माणूस दाराशी होता एवढे यंत्राला कळते. आत तो काय बोलला, डॉक्टरांनी काय विचारले, ते कळत नाही. विक्री आत होते! नजर ठेवण्यावरचा हा खर्च शिकवण्यावर केला असता तर मॅनेजरला रात्री साडेआठला ऑनलाइन बैठक घ्यावी लागली नसती.

मॅनेजरविषयी बोलताना एक सांगितले पाहिजे. तो आपला शत्रू नाही. बहुतेक एरिया मॅनेजर कालपर्यंत आपल्यातच होते. चांगला विक्रेता म्हणून बढती मिळाली, पण माणसे कशी शिकवायची हे त्यालाही कोणी शिकवलेले नाही. त्याच्या डोक्यावरही आकडा आहे, आणि कायद्याचे छत्र आपल्यापेक्षा कमी. तो ओरडतो कारण त्याच्यावर कोणीतरी ओरडलेले असते. आपल्या मागणीपत्रात मॅनेजरांच्या प्रशिक्षणाची मागणी घाला असे मी म्हटले तेव्हा काही कार्यकर्ते नाराज झाले. पण ज्याच्या हातात आपल्या माणसाचा अहवाल आहे, त्याला अहवाल लिहिता येत नसेल तर नुकसान कोणाचे?

आता आपल्या घरातले. घरी बसून रोजचा रिपोर्ट भरणारे सभासद आपल्यात आहेत. न भेटलेल्या डॉक्टरांची नावे लिहायची आणि दुपारी सिनेमा. खोटा रिपोर्ट हा गैरवर्तनाचा आरोप आहे, कामगिरीचा नाही, आणि तो सिद्ध झाला तर युनियन फारसे काही करू शकत नाही. अशा सभासदाला वाचवण्यात जी शक्ती जाते ती खऱ्या अन्यायाच्या प्रकरणातून वजा होते. सचिवांनी हे स्थानिक बैठकीत स्पष्ट बोलावे. लाजू नये.

आणि शिकवण्याची जबाबदारी सगळी कंपनीवर ढकलून चालणार नाही. कामगार शिक्षणासाठी सरकारने १९५८ मध्ये नागपूरला मुख्यालय ठेवून केंद्रीय मंडळ काढले, त्याचे वर्ग आपल्यापैकी कित्येकांनी केले आहेत. आपल्याकडे एक जुनी रीत होती. नवा मुलगा गावात आला की दुसऱ्या कंपनीचा ज्येष्ठ प्रतिनिधी त्याला स्टॉकिस्टच्या दुकानात घेऊन जाई, कोणते डॉक्टर किती वाजता भेटतात, कोणाला बडबड आवडत नाही, कोणता दुकानदार खरे सांगतो, हे शिकवी. स्पर्धक कंपनीचा माणूस! ती रीत कमी झाली आहे. प्रत्येक युनिटने महिन्यातून एकदा दोन तासांचा वर्ग घ्यावा. एक महिना एखादा आजार आणि त्याची औषधे, एक महिना स्टॉकिस्टचा तक्ता कसा वाचायचा, एक महिना पत्राला उत्तर कसे लिहायचे. शिकवायला निवृत्त सभासद आहेत, ओळखीचे डॉक्टर आहेत. मराठीतून घ्या; इंदूर, बडोदा, हैदराबादला हिंदी मिसळली तरी बिघडत नाही.

कंपनीकडे काय मागायचे ते सांगतो. प्रशिक्षणाचा दिवस कामाचा दिवस धरावा आणि त्याचा भत्ता द्यावा. रविवारी किंवा रात्री वर्ग नको. साहित्य प्रतिनिधीला समजेल त्या भाषेत असावे. मॅनेजर सोबत फिरल्यावर जो अहवाल लिहितो त्याची प्रत त्याच आठवड्यात प्रतिनिधीला मिळावी, आणि त्यावर त्याचे म्हणणे लिहायला जागा असावी. उद्दिष्ट दुकानदारांकडे गेलेल्या मालावरून, प्रतिनिधीशी बोलून ठरवावे. कंपनीकडूनच माल आला नाही त्या महिन्याचा आकडा कमी करावा. प्रसूती रजेवरून परत आलेल्या भगिनीला पहिल्या महिन्यापासून जुना आकडा लावू नये. सव्वीस आठवडे तिचा प्रदेश रिकामा ठेवायचा आणि मग तिला कामगिरीचे पत्र द्यायचे, हा प्रकार मी दोनदा पाहिला आहे. भगिनींच्या बाबतीत आणखी एक. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त ज्या ठिकाणी जावे लागते ते ठिकाणही कामाच्या जागेत येते. दवाखाना, स्टॉकिस्टचे गोदाम, बैठकीचे हॉटेल, सगळे. विक्रीसाठी सहन कर असे सांगणाऱ्या मॅनेजरची तक्रार समितीकडे जाऊ शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे कलम : कामगिरीच्या कारणावरून कोणतीही कारवाई करण्याआधी त्या प्रतिनिधीला त्या विशिष्ट उणिवेसाठी प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले होते, त्यानंतर पुरेसा काळ दिला होता आणि प्रदेशाची परिस्थिती तपासली होती, हे कंपनीने लेखी दाखवावे. एवढे एक कलम करारात आले तर बाकीची निम्मी भांडणे उद्भवणार नाहीत. व्यवस्थापन सांगेल की यात आमच्या अधिकारात हस्तक्षेप होतो. तेव्हा त्यांना शांतपणे विचारा की आपल्या माहितीपत्रकात प्रशिक्षणावर जे पान छापले आहे ते खरे की खोटे.

जेवणानंतरच्या सत्रात आपण पाच-पाच जणांचे गट करणार आहोत. प्रत्येक गटाला एका सभासदाच्या 'असमाधानकारक कामगिरी'च्या पत्राची प्रत मिळेल, नावे खोडलेली आहेत. सोबत बारा महिन्यांचा स्टॉकिस्टचा तक्ता आहे. दीड तासात उत्तराचा मसुदा तयार करायचा आहे. कॅल्क्युलेटर बरोबर आणा.